मागितले ते मिळाले नाही तेव्हा

दर वर्षी सप्टेंबरच्या आठ तारखेच्या रात्री सेंत क्रुआकडे जाणाऱ्या रस्त्यांवर माणसांची रीघ लागते. पेर लावाल १८६४ साली ९ सप्टेंबरला वारले. त्यांच्या समाधीला हात लावायला कॅथलिक लोक जातात, तसे आपल्या हिंदू घरांतलेही जातात. घरी गणपती बसवणारी आजी तिथे मेणबत्ती लावते आणि तिला त्यात काही वावगे वाटत नाही. कोणाला मुलाचे दुखणे बरे व्हावे असे वाटते, कोणाला सुनेची कूस उजवावी असे वाटते, कोणाला परदेशी गेलेल्या मुलाचे पत्र हवे असते. ज्याचे काम होते तो पुढच्या वर्षी फुले घेऊन जातो आणि चार लोकांना सांगतो. ज्याचे काम होत नाही तो मात्र गप्प राहतो. आज या दुसऱ्या माणसाविषयी लिहायचे आहे.

ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरी मयताला गेलो की एक वचन कानावर येते: दुःखातून आशा मिळते, दुःखातही आनंद असतो. आपल्यापैकी पुष्कळांचे जावई, सुना, व्याही ख्रिस्ती आहेत. तेव्हा आपण मान डोलावतो आणि बाहेर पडतो. बाहेर आल्यावर कोणी तरी हळूच म्हणतो, ज्याचे जळते त्याला कळते, बाकीच्यांना बोलायला काय जाते? हा टोमणा अगदीच खोटा नाही. तोंडाने बोलायला हे वचन फार स्वस्त आहे. म्हणून ज्या बाईने त्याची पुरी किंमत मोजली तिच्याकडे जाऊन त्याचा अर्थ विचारावा हे बरे. ती बाई आपल्याच भाषेची होती, आणि ज्या गावी तिचा ख्रिस्ती धर्माशी खरा संबंध आला ते गाव इंग्लंडात आहे. गावाचे नाव वाँटेज. बाईचे नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे नाव आपल्या मराठी पुस्तकांत येते ते बहुधा विदुषी आणि समाजसुधारक म्हणून. १८५८ साली २३ एप्रिलला त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवले म्हणून भाऊबंदांनी त्यांना दोष दिला, पण ते मागे हटले नाहीत आणि मुलीलाही तेच शिकवले. हे कुटुंब तीर्थातीर्थांतून पुराणे सांगत हिंडत असे. जे मिळे ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत जाई. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा त्यांच्या हाती काही उरले नाही. पोटात अन्न नाही, आणि शास्त्र्याच्या घरच्यांनी मजुरी कशी करावी ही लाज. रानातली पाने खाऊन दिवस काढले. वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले होते. शेवटी थोड्या महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. उरले रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवासशास्त्री.

हा भाग इथे मुद्दाम सांगितला. या माणसांनी देवाकडे मागण्यात कसूर ठेवली नव्हती. व्रते केली, पवित्र पाण्यात स्नाने केली, ब्राह्मणांना दक्षिणा दिली. मागितले ते मिळाले नाही. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात हे लिहिले तेव्हा त्यात राग आहे, पण त्याहून जास्त आई-वडिलांविषयीची माया आहे. वडिलांनी आपल्याला विद्या दिली हे उपकार त्या कधी विसरल्या नाहीत.

पुढच्या गोष्टी आपल्याला साधारण ठाऊक असतात. १८७८ साली कलकत्त्यात त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. जात वेगळी, भाषा वेगळी, त्यामुळे दोन्हीकडचे लोक दुरावले. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा झाली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. तेव्हा रमाबाई २३ वर्षांच्या होत्या आणि मांडीवरची मुलगी वर्षाचीही नव्हती.

पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीती' हे पुस्तक लिहिले आणि हंटर कमिशनपुढे साक्ष दिली की हिंदुस्थानातल्या बायकांना बायका डॉक्टर हव्यात, कारण कित्येक बायका पुरुष डॉक्टरांना दुखणे सांगण्यापेक्षा मरण पत्करतात. मग हे काम आपणच का करू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. डॉक्टरी शिकायला इंग्लंडला जायचे ठरले. पुस्तकाच्या पैशांतून जहाजाचे भाडे निघाले. पुण्यात काम करणाऱ्या वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणींनी आपल्या मठात राहण्याची सोय केली, आणि त्या बदल्यात रमाबाईंनी त्यांना मराठी शिकवायचे असा करार झाला. फुकटचे खायचे नाही हा त्यांचा बाणा होता. निघताना त्यांनी सांगून ठेवले होते की मी ख्रिस्ती होणार नाही.

१८८३ च्या मे महिन्यात त्या वाँटेजला पोचल्या. बरोबर मनोरमा होती आणि आनंदीबाई भगत नावाची सोबतीण होती.

आपल्या बेटावरून १९६० आणि १९७० च्या दशकांत कितीतरी मुली नर्सिंग शिकायला इंग्लंडला गेल्या. पहिल्या हिवाळ्याची थंडी, खाण्याची आबाळ आणि बोललेले न कळणे या गोष्टी त्यांना विचाराव्यात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणींना मोठ्या परीक्षेच्या आशेने नेले आणि धाकट्या परीक्षेवर बसवले, हेही त्या सांगतील. म्हणजे ज्यासाठी गेलो ते न मिळणे हा अनुभव आपल्या घरांना नवा नाही. पण आनंदीबाईंच्या बाबतीत जे घडले ते फार भयंकर होते. परक्या देशात, परक्या धर्माच्या घरात राहताना त्यांच्या मनाने धास्ती घेतली की आपल्याला जबरदस्तीने बाटवणार. ऑक्सफर्डचे पंडित मॅक्सम्युलर यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की या भीतीच्या भरात आनंदीबाईंनी एका रात्री रमाबाईंचाच गळा दाबण्याचा प्रयत्न केला आणि पुढे स्वतःचा जीव दिला. त्यानंतर कित्येक दिवस रमाबाईंना एकटीने झोपता येत नसे. मॅक्सम्युलर यांच्या घरी त्या उतरल्या तेव्हा रात्री त्यांच्या खोलीत मोलकरणीला निजावे लागे.

आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मनोरमेसह वाँटेजच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात बातमी आली तेव्हा गहजब झाला. एकटी विधवा, सोबतीण गेलेली, दुसऱ्याच्या घरात राहणारी. दुःखाने खचली आणि बाटली, असे लोक म्हणाले. आजही असे म्हणणारे भेटतात. दुःखात सापडलेल्या माणसाला गाठून त्याचा धर्म बदलणे वाईट, यात शंका नाही, आणि जगात ते होतही असते. पण रमाबाईंचे कागद वाचले तर त्या खचून कोणाच्या ओंजळीने पाणी पीत होत्या असे मुळीच दिसत नाही. त्यांची आणि सिस्टर जेराल्डिन यांची इंग्रजी पत्रे १९७७ साली ए. बी. शहा यांनी संपादित केली आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापली. त्या पत्रांत या बाई पानोपानी भांडतात. देव एक की तीन यावर भांडतात. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, यावर भांडतात. शाकाहार त्यांनी सोडला नाही. चेल्टनमच्या कॉलेजात त्यांनी पुरुषांना शिकवू नये असे हिंदुस्थानातल्या बिशपांनी सुचवले तेव्हा त्यांनी विचारले की माझ्या देशात मी पुरुषांच्या सभांत बोलत होते, मग इथे तुम्हाला कसली हरकत? सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. मला तो मराठी बाणा वाटतो, पण ते असो. गळाठलेल्या मनाच्या बाईला इतके वाद सुचत नाहीत.

मग त्यांचे मन कशाने वळले? एक कारण नेहेम्या गोरे. हे मूळचे काशीचे नीळकंठशास्त्री गोरे, घराणे कोकणस्थ, १८४८ साली ख्रिस्ती झालेले. त्यांच्या युक्तिवादाचा आपल्यावर परिणाम झाला असे रमाबाई सांगतात. पण दुसरे कारण त्यांना जास्त महत्त्वाचे वाटले, आणि तेच आपल्या विषयाचे आहे.

वाँटेजच्या जोगिणींनी त्यांना काही दिवस लंडनला पाठवले. लंडनच्या फुलम भागात वाट चुकलेल्या बायकांसाठी चालवलेले एक घर होते. वाट चुकलेल्या हा शब्द आपण सभ्यपणे वापरतो. समाज त्यांना काय म्हणे ते सांगायला नको. रमाबाई शास्त्रे शिकलेल्या होत्या. अशा बाईला शास्त्रात काय शिक्षा सांगितली आहे हे त्यांना पाठ होते. फुलमला त्यांनी पाहिले की या बायकांना कोणी हाकलत नाही. चांगल्या घरच्या जोगिणी त्यांच्या शेजारी बसून काम करतात, आजारात त्यांची उशी बदलतात. आणि अशा बायकांपैकी काही जणी सुधारून आता दुसऱ्या बायकांची सेवा करत होत्या. रमाबाईंनी विचारले, तुम्ही हे का करता? एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला.

ज्या वाचकांना ती कथा ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शोमरोन प्रांतात एका विहिरीपाशी भर दुपारी येशू थकून बसला आहे. शोमरोनी लोकांच्या हातचे यहुदी लोक काही घेत नसत. तेवढ्यात एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. तिचे पाच नवरे झालेले आहेत आणि आता जो घरात आहे तो नवरा नाही. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. तिच्या आयुष्यातले सगळे तिला सांगतो, पण तिला हाकलत नाही. उलट तिच्याशी देवाविषयी चर्चा करतो. शिवाशिव म्हणजे काय हे ज्याच्या आजोबा-पणजोबांनी पाहिले आहे त्याला या गोष्टीतले पाणी मागणे किती मोठे आहे ते समजावून सांगावे लागत नाही. रमाबाईंना ते एका क्षणात समजले.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. स्वतःच्या दुःखाचे उत्तर मिळाले म्हणून त्या वळल्या नाहीत. आई-वडील का मेले, नवरा का गेला, याचा खुलासा त्यांना फुलमला मिळालेला नव्हता. त्यांनी तिथे पाहिले ते दुसऱ्यांचे दुःख, आणि त्या दुःखाजवळ बसलेली माणसे.

बाप्तिस्मा झाला म्हणून दिवस पालटले असेही नाही. रमाबाईंचे कान आधीपासून कमजोर होते. १८८४ साली त्या चेल्टनमला मुलींच्या कॉलेजात गेल्या. तिथल्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी त्यांना मायेने वागवले. पण ऐकू येणे कमी होत चालले आणि डॉक्टरी शिकणे शक्य नाही हे उघड झाले. ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच गेले. नव्या देवानेही मागितले ते दिले नाही. त्यांनी गणित, विज्ञान आणि इंग्रजी वाङ्मय यांचा अभ्यास धरला आणि बाकीच्या वेळात शिकवू लागल्या.

१८८६ च्या मार्चमध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या रमाबाईंच्या नात्यातल्या होत्या. तो समारंभ पाहायला रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या. जी पदवी आपल्या कानांनी आपल्याला मिळू दिली नाही ती दुसरीला मिळताना पाहायला इतक्या लांबचा प्रवास करणे सोपे नाही. आपण आपल्या मनाला विचारून पाहावे. शेजाऱ्याच्या मुलाला शिष्यवृत्ती मिळाली आणि आपल्या मुलाला नाही, तर पेढे घ्यायला जाताना पाय किती जड होतात! आणि पुढच्याच वर्षी, १८८७ च्या फेब्रुवारीत, आनंदीबाई वारल्या. वयाची २२ वर्षे पुरी झाली नव्हती. हिंदुस्थानच्या बायकांना मिळालेली डॉक्टर गेली. रमाबाईंच्या हिशेबात आणखी एक मरण जमा झाले.

आता मुख्य मुद्दा. ख्रिस्ती झाल्यावर आनंद कधी मिळाला, याचे उत्तर रमाबाईंनी स्वतः दिले आहे, आणि ते ऐकून पुष्कळ धर्मोपदेशक अडचणीत येतील. त्या सांगतात की बाप्तिस्म्याने मला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. तो मिळायला पुढे आठ वर्षे लागली. म्हणजे साल १८९१. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचे आत्मचरित्र त्यांच्या हाती पडले. हा गृहस्थ पाद्री होऊन कित्येक वर्षे उपदेश करत होता आणि त्याला एके दिवशी कळले की आपण सांगतो ते आपल्यालाच मिळालेले नाही. रमाबाईंनी ते वाचले आणि हे आपलेच वर्णन आहे असे त्यांना वाटले. मग त्यांच्या मनाला जी शांती आणि जो आनंद लाभला त्याविषयी त्यांनी पुढे भरभरून लिहिले.

मधल्या आठ वर्षांत त्यांनी काय केले ते पाहा. अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देऊन पैसा उभा केला. १८८९ साली ११ मार्चला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. विधवा मुलींना घरात घेतले, जेवू घातले, शिकवले. पहिल्या मुलींत गोदूबाई होत्या, ज्यांच्याशी पुढे धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला. हे सगळे काम त्यांनी आपल्या मनात आनंद नसताना केले. आनंद आला तो काम सुरू झाल्यावर दोन वर्षांनी.

मला ही तारखांची गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्याकडे उलटे सांगितले जाते. आधी श्रद्धा ठेव, मग मन शांत होईल, मग तू चार लोकांच्या उपयोगी पडशील. ज्याचे मन शांत होत नाही त्याला वाटते की माझी श्रद्धाच कमी पडली. मूल गेलेल्या आईला आपण सांगतो, देवावर भरवसा ठेव, सगळे चांगले होईल. ते चांगले होत नाही. मग मूल गेल्याचे दुःख आहेच, त्यावर आपला भरवसा कमी पडला हा आरोप. दुसऱ्याचे सांत्वन करताना आपण किती निर्दयपणे बोलतो हे आपल्या ध्यानातही येत नाही. हिंदू घरी त्याला प्रारब्ध म्हणतात, ख्रिस्ती घरी देवाची इच्छा म्हणतात. बोलणाऱ्याची सुटका दोन्हीकडे सारखीच होते.

ख्रिस्ती शास्त्र नीट वाचले तर त्यात असे स्वस्त वचन नाही. पौलाला शरीराचे काही दुखणे होते. ते काढून टाक, असे त्याने देवाजवळ तीन वेळा मागितले. काढले गेले नाही. येशूने धरला जाण्याच्या रात्री बागेत प्रार्थना केली की हे माझ्यावरून टळू दे. टळले नाही. रोमकरांच्या पत्रात पौल संकटापासून धीराकडे आणि धीरापासून आशेकडे नेणारी वाट दाखवतो, ती ज्याचे मागणे नाकारले गेले आहे अशा माणसाने दाखवलेली वाट आहे. आपल्या तुकोबांचे तरी काय? दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली, धंदा बुडाला, लोकांत फजिती झाली. विठ्ठलाने दुकान परत उभे करून दिले नाही. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि पुढे म्हणत असत की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलावरून इकडून तिकडे जाता येते तसे तिकडून इकडेही येता येते, असे मला वाटते.

रमाबाईंच्या पुढच्या आयुष्यात दुःख कमी झाले नाही. १८९३ साली शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होऊ लागल्या असा बोभाटा झाला, रानडे-भांडारकरांसारखी मंडळी दूर झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. त्यात रमाबाईंचीही बाजू आहे आणि पालकांचीही. ज्या मुलीचे अन्न, छप्पर आणि पुस्तक एकाच बाईच्या हाती आहे ती त्या बाईचा धर्म कितपत मोकळेपणाने निवडते, हा प्रश्न त्या वेळी योग्य होता आणि आजही योग्य आहे. पण प्रश्न विचारणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या विधवांसाठी आपल्या घराचे दार उघडले होते, हेही विचारले पाहिजे. गोदूबाईंसारख्या मुली हिंदूच राहिल्या, हेही खरे.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रस्त्याच्या कडेला बसलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या मुली रमाबाईंनी पाहिल्या, आणि त्यांना आपले तरुणपणचे दिवस आठवले. रानातली पाने खाल्लेली बाई ती. त्यांनी सुमारे तीनशे बायका-मुली आणल्या आणि केडगावच्या माळावर, रेल्वेजवळ घेतलेल्या जमिनीवर ठेवल्या. हेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. आशा हा शब्द पुस्तकात हवेसारखा असतो; केडगावला त्याला विहिरी, हातमाग, तेलाचा घाणा, गाई आणि छापखाना असा आकार आला. आंधळ्या मुलींसाठी बार्तीमी सदन निघाले. मनोरमा परदेशात शिकून आली होती, तिने त्यांना बोटांनी वाचायला शिकवले. आणि वाट चुकलेल्या बायकांसाठी एक वेगळे घर निघाले, त्याचे नाव कृपा सदन. फुलमला पाहिलेले घर असे केडगावला उभे राहिले.

या आनंदाने त्यांचे तोंड बंद केले नाही, हेही सांगितले पाहिजे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात बायकांची जी विटंबना होत होती तिच्याविषयी त्यांनी मुंबईच्या इंग्रजी पत्रात उघड लिहिले. राज्य ख्रिस्ती लोकांचे, आणि लिहिणारी बाईही ख्रिस्ती. गव्हर्नरसाहेबांनी आरोप नाकारले. रमाबाई आपल्या म्हणण्यावरून हटल्या नाहीत. देवाच्या मर्जीने सगळे चालले आहे असे मानून गप्प बसणे त्यांना धर्म वाटत नव्हते.

त्यांचे कान मात्र सुधारले नाहीत. शेवटच्या वर्षांत ऐकू येणे जवळजवळ बंद झाले. या काळात त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत ते असावे म्हणून त्या म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्ती सदनातल्या बायकाच खिळे जुळवीत, छापीत. ऐकू न येणारी बाई एक एक शब्द तपासून पाहते आहे आणि एके काळी दुष्काळात मरायला टेकलेल्या बायका तिच्या मजकुराचे खिळे लावत आहेत. हे चित्र डोळ्यांपुढे आणले की आनंद या शब्दाने रमाबाईंना काय म्हणायचे असेल ते थोडेसे कळते. हसतमुख राहणे हा त्याचा अर्थ नसावा. आपल्या हातून अजून काही व्हायचे आहे, आणि कोणी तरी ते आपल्याकडून मागते आहे, असा काही तरी तो अर्थ असावा. विहिरीवरच्या त्या बाईकडे पाणी मागितले गेले होते, तसा.

१९२१ साली २४ जुलैला मनोरमा वारली. वय ४० वर्षे. आईच्या मागे संस्था तीच चालवणार असे सर्वांना वाटत होते. दुष्काळ, पटकी, वाँटेजची ती रात्र, सगळ्यातून जी मुलगी हाताला धरून आणली तीही आईच्या आधी गेली. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत. १९२२ साली ५ एप्रिलला केडगावला त्यांनी देह ठेवला. शेवटच्या दिवसांपर्यंत भाषांतराचे कागद त्यांच्यापुढे होते. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले.

त्यांच्याशी पत्रांतून इतके वाद घालणाऱ्या इंग्लंडच्या चर्चने त्यांचे नाव आपल्या पंचांगात घातले आहे. ३० एप्रिल हा त्यांच्या स्मरणाचा दिवस मानला जातो, आणि नावापुढे शास्त्राची भाषांतरकार असे लिहिलेले असते. लंडनला आपल्यापैकी कोणाची मुले असतील आणि सुटीच्या दिवशी कुठे जावे असे विचारत असतील, तर त्यांना वाँटेजचे चर्च पाहायला सांगावे. लंडनहून एका दिवसात जाऊन येता येते. केडगाव पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेवर आहे. पूर्वजांचे गाव शोधायला रत्नागिरीकडे जाणाऱ्यांनी एक दिवस तिकडेही काढावा. मुक्ती मिशन अजून चालू आहे, आणि तिथे अजूनही निराधार मुली, बायका आणि दृष्टी नसलेल्या बहिणी राहतात.